सहावीतलं पाऊल

काळ्या पाईपाच्या तोंडात लाकडी बूच बसवलेलं होतं आणि बुचाला चिंधी गुंडाळलेली होती. चिंधीतून दर चार सेकंदांनी एक थेंब पडे. दिवाळीपासून पडणाऱ्या या थेंबांनी मुरमात पेरभर खोल खड्डा केला होता आणि त्याच्याभोवती वीतभर रुंदीची हरळी उगवली होती. बाकीचा उतार वाळून पिवळा पडलेला. या हिरव्या वर्तुळापासून वच्छलाबाईचा उंबरा सत्तावीस पावलांवर होता.

पाईप त्या उंबऱ्यापर्यंत पोचायला हवा होता. तो का पोचला नाही, हे वस्तीत फक्त एकीला माहीत होतं, आणि ती तीन महिने गप्प होती.

द्वारका नववीत होती. तिची वस्ती चिकलठाण्याच्या पुढे, विमानतळाच्या कुंपणाला समांतर जाणाऱ्या कच्च्या रस्त्यालगत. अकरा घरं, सगळी धनगरांची, सगळी एकमेकांच्या नात्यातली. तिच्या आजोबांच्या वेळेपर्यंत ही माणसं पाचोडकडून मेंढरं घेऊन इकडे येत आणि पावसाळ्यात परत जात. आता बहुतेक पुरुष जालना रोडवरच्या कारखान्यांत कामाला होते आणि मेंढरं तीनच घरांत उरली होती. टँकर दिवसाआड येई आणि रस्त्याकडेच्या टाकीत पाणी सोडून जाई. टाकीपासून घरं खाली उताराला पसरलेली, आणि सगळ्यांत शेवटचं घर वच्छलाबाईचं. ती सत्तरीला आलेली, एकटी, गुडघ्यानं अधू. तिच्या घागरी कोणी ना कोणी आणून देई, पण कोणी विसरलं तर ती स्वतः निघे आणि वाटेत तीनदा बसे.

शाळेच्या गाइड पथकात द्वारका सहावीपासून होती आणि आता संघनायिका झाली होती. तिच्या हाताखाली सात मुली होत्या. राज्य पुरस्काराच्या चाचणीसाठी प्रत्येकीला लोकांच्या उपयोगाचं एक काम स्वतः आखून पार पाडावं लागे. कोणी झाडं लावली, कोणी अंगणवाडीच्या भिंती रंगवल्या. द्वारकानं पाईप सुचवला. टाकी उंचावर, घर खाली. मोटार नको, वीज नको, पाणी आपल्या वजनानं जाईल. पथकाच्या कॅप्टन आशाबाई शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: उंचीतला फरक किती आणि अंतर किती.

उंचीतला फरक तिनं काठी आणि पाण्यानं अर्धी भरलेली बाटली वापरून काढला. साडेचार मीटर. अंतर तिनं पावलांनी मोजलं.

त्या दिवशी पुंजाराम तिच्याबरोबर होता. पुंजाराम तिच्या वडिलांचा चुलतभाऊ, चाळिशीचा, कमी बोलणारा. उस्मानपुऱ्यात बद्रीनाथशेठच्या पाईप-मोटारीच्या दुकानात तो पंधरा वर्षं कामाला होता. गिऱ्हाईक सांगेल तेवढा पाईप मोजून कापून देणं हे त्याचं काम. तो फक्कीचा डबा घेऊन तिच्या मागून चालला आणि दर पन्नास पावलांवर पांढरी खूण करत गेला. निघण्याआधी त्यानं विचारलं होतं, दुकानातली फीत आणू का. गाइडला स्वतःच्या पावलानं मोजता आलं पाहिजे, असं द्वारकानं त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "व्हय, तुझंच काम हाय ते," आणि डबा उचलला.

तीनशे पावलं भरली. तिच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, रक्तगट, उंची यांच्याखाली लिहिलेलं होतं: माझे पाऊल, ६० सें.मी. तीनशे गुणिले साठ. एकशेऐंशी मीटर. तिनं नकाशा चार्टपेपरवर काढला, घरं, टाकी, बाभळी, खंडोबाचा ओटा दाखवला, उत्तर दिशेचा बाण काढला आणि पाईपाची रेघ निळ्या शाईनं ओढून तिच्यावर १८० मी. असं लिहिलं. नकाशा ओट्यामागच्या भिंतीला लावला तेव्हा माणसं आपापलं घर शोधत होती. कारभारी, वस्तीत वयानं मोठा आणि शब्दानंही, म्हणाला की सरकारी मोजणीदारानंसुद्धा असं केलं नसतं.

वर्गणी निघाली. पाईप पुंजारामनंच मोजला, कापला आणि दुकानाच्या टेम्पोतून आणला. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या वस्तीनं दोन दिवस चर खणला. टाकीकडून पाईप टाकत, वरून माती ओढत आणि दगड बसवत ते खाली आले, आणि वच्छलाबाईच्या दारात उभे राहिलेले लोक पाहत असताना पाईप संपला. पुढे रिकामा चर होता.

आधी सगळे हसले. मग कारभारी भिंतीवरच्या नकाशाकडे गेला, परत आला आणि हिशेब मांडला तसं बोलला: कागदावर एकशेऐंशी आहे, वाट आहे तेवढीच आहे, म्हणजे पाईप कमी आहे. पुंजाराम म्हणाला की त्यानं एकशेऐंशीच मोजला, पाहिजे तर पाईप उकरून काढा आणि मोजा. दोन दिवसांचं खणलेलं पुन्हा उकरायला कोणी तयार नव्हतं. वाट पुन्हा मोजावी असं कोणाला सुचलं नाही; ती भिंतीवर लिहिलेली होती. पाईप कोणी कापला, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

भांडण झालं नाही. त्याऐवजी थट्टा सुरू झाली, आणि थट्टा थांबत नव्हती. पुंजाराम ओट्यावर चहाला आला की कोणीतरी म्हणे, "पुंजा, माझा कप जरा मोज रं, दोन बोटं कमी दिसतोय." कोणाच्या लग्नाचा मांडव निघाला की म्हणत, दोर पुंजाला आणायला सांगू नका, नवरदेव बाहेर राहील. कमी पडलेला पाईप विकत आणावा असं मल्हारराव, द्वारकाचे वडील, एकदा म्हणाले. पण ज्यानं खाल्ला त्यानंच भरावा, असं कारभाऱ्याचं म्हणणं पडलं आणि तो विषय तिथंच राहिला. मग एक दिवस कारभारी दुकानातही जाऊन आला. बद्रीनाथशेठनं ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून फीत आणि करवत दुसऱ्याकडे दिली आणि पुंजारामला टेम्पोत माल चढवायला लावलं.

तोपर्यंत द्वारकालाही वाटत होतं की पाईप कमीच असावा. काकानं मुद्दाम केलं असेल असं तिला वाटलं नाही. पंधरा वर्षांत एकदा चूक होऊ शकते, एवढंच तिनं स्वतःला सांगितलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आशाबाईंनी चाचणीला जाणाऱ्या मुलींना मैदानावर बोलावलं. तीस मीटरची फीत दोनदा लावून साठ मीटरची रेघ आखली होती. प्रत्येकीनं नेहमीच्या चालीनं तिच्यावरून चालायचं होतं. सहावीत याच मैदानावर द्वारकाची बरोबर शंभर पावलं भरली होती. या वेळी ती एक्क्याण्णवाव्या पावलाला रेघेच्या टोकाशी पोचली. आपलं मोजताना चुकलं असं वाटून ती परत चालली. पुन्हा एक्क्याण्णव.

आशाबाईंनी भागाकार केला. "सहासष्ट," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांत सहा सेंटिमीटर. उंची पण बघू." उंची एकशे एकेचाळीसची एकशे पंचावन्न झाली होती. दोन्ही वाढ एकाच प्रमाणात आहे, हे बाईंनी मुलींना वर्गात नेऊन फळ्यावर दाखवलं. जवळजवळ दहावा हिस्सा. त्यांना त्यात एक चांगलं उदाहरण दिसलं. द्वारकाला दुसरंच दिसलं. तीनशे गुणिले सहासष्ट तिनं मनातल्या मनात केलं आणि एकशे अठ्ठ्याण्णव उत्तर आल्यावर वहीत काहीच लिहिलं नाही.

त्या संध्याकाळी ती पाईपाच्या तोंडापासून वच्छलाबाईच्या दारापर्यंत चालली. सत्तावीस पावलं. सतरा मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर. अठराच म्हणायचे. शंकेला जागाच नव्हती. नकाशाचा आकार अचूक होता, वळणं अचूक होती, बाभळीसुद्धा आपापल्या जागी होत्या. फक्त त्याच्यावरचं प्रत्येक अंतर बारा वर्षांच्या मुलीच्या पावलानं लिहिलेलं होतं आणि चाललेली मुलगी पंधरा वर्षांची होती.

रविवारी सांगायचं, असं तिनं ठरवलं. रविवारी कारभाऱ्याच्या घरी पाहुणे आले. मग सहामाहीचे पेपर मिळाले. मग चाचणी शिबिराचं पत्र आलं, आणि तिनं ठरवलं की शिबिर होऊ द्यावं. चार दिवसांचाच तर प्रश्न होता.

जानेवारीच्या शेवटी शिबिर पाचोडला भरलं, एका शाळेच्या मैदानावर. तंबू, झेंडा, पहाटे थंडीत कवायत. द्वारकाला तिथं सगळं जमत गेलं. वाऱ्यात दोन काड्यांत चूल पेटवायची होती, तिनं एकीतच पेटवली. भांड्याशिवाय स्वयंपाक करायचा होता, तिनं पळसाच्या पानांत पानगे भाजले आणि परीक्षकांच्या पंक्तीत ते पहिले संपले. दोरीच्या गाठींपैकी निम्म्या तिला लहानपणापासून येत होत्या; मेंढरू दाव्याला बांधताना वडील जी गाठ मारत, तिचं इंग्रजी नाव तेवढं तिनं पथकात शिकलं होतं. जखमी माणसाला दोन काठ्या आणि चादरीवर उचलून नेताना तिच्या संघाची चाल एकदाही चुकली नाही.

तिसऱ्या दिवशी अंतर मोजायची चाचणी होती. परीक्षक मनकर्णाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, जाड चष्म्याच्या. फाटकापासून ध्वजस्तंभापर्यंत द्वारका चालली आणि एकशे बत्तीस मीटर म्हणाली. फितीनं एकशे एकतीस भरलं. मनकर्णाबाईंनी मान डोलावली आणि तिची नोंदवही उघडली. पहिल्या पानावर त्या थांबल्या.

"इथं साठ लिहिलंय."

द्वारकानं सांगितलं की ते सहावीतलं आहे, आता सहासष्ट आहे. मनकर्णाबाईंनी पानं उलटली. प्रकल्पाच्या पानावर नकाशाची लहान प्रत चिकटवलेली होती.

"आणि हा नकाशा? नव्या पावलानं काढलाय ना?"

विचारण्यात संशय नव्हता. त्यांची पेन्सिल गुणपत्रकातल्या चौकटीवर तयार होती. मागे सहा मुली रांगेत उभ्या होत्या, कोणीतरी शिंकलं. द्वारका म्हणाली, "हो."

चौकटीत बरोबरची खूण झाली.

शिबिरावरून आल्यावर तिच्या लक्षात एक गोष्ट आली. ती आधीपासून चालू असणार, पण तिनं पाहिली नव्हती. पुंजाराम सकाळी कामावर जाण्याआधी वच्छलाबाईच्या दोन घागरी पाईपाच्या तोंडाशी आणे, बूच काढे, भरून तिच्या रांजणात ओते आणि बूच परत लावून चिंधी घट्ट करे. रोज, न बोलता. वच्छलाबाई दारात बसून त्याला आशीर्वाद देई. पण ओट्यावरची माणसं वेगळं बोलत. "फेडतोय," ती म्हणत. "खाल्लं नसतं तर कशाला वाहिलं असतं?" चांगुलपणाच त्याच्या विरुद्धचा पुरावा झाला होता.

द्वारका शाळेत आशाबाईंपाशी गेली. सांगायला गेली होती, पण विचारलं भलतंच: वहीतला जुना आकडा खोडायचा की तसाच ठेवायचा. बाई प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुसत होत्या. त्या म्हणाल्या, गिरवून खोडायचं नाही कधी. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी नवा आकडा आणि तारीख. चूक दिसू दिली की पुढच्याला ती कुठून आली ते कळतं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, आणखी काही आहे का. नाही म्हणून द्वारका वर्गात गेली. मधल्या सुट्टीत तिनं पहिल्या पानावरच्या साठवर रेघ मारली, सहासष्ट लिहिलं आणि तारीख घातली. प्रकल्पाचं पान उघडलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला. शाळेतून दोघी उत्तीर्ण झाल्या होत्या, द्वारका आणि आठवडी बाजाराजवळ राहणारी तिची एक मैत्रीण. राज्य पुरस्कार. पुढे प्रमाणपत्रासाठी मुंबईला जायचं होतं. मल्हाररावांनी पेढे आणले आणि ओट्यावर स्वतः वाटले. कारभाऱ्यानं जाहीर केलं की रविवारी सकाळी खंडोबासमोर पोरीचा सत्कार करायचा. आणि त्याच सकाळी, सगळे जमणारच आहेत तर, पुंजाचा विषयही संपवायचा. त्यानं भंडारा उचलावा.

हे पूर्वीपासून चालत आलेलं. मेंढरू हरवलं, कुरणाचा वाद झाला, आणि साक्ष-पुरावा नसला, तर ज्याच्यावर संशय त्यानं देवापुढच्या ताटातला भंडारा मुठीत घ्यायचा आणि सांगायचं की मी केलं नाही. मग कोणी काही बोलत नसे. पण ज्याला भंडारा उचलावा लागला, त्याच्या शब्दावर लोकांचा भरवसा नव्हता, हे त्याच्या नावाला कायमचं चिकटे. द्वारकाच्या आजोबांच्या वेळी एकानं उचलला होता. तो खरा होता असं मागाहून कळलं, तरी त्याच्या नातवाची ओळख अजून त्या गोष्टीनं होते. शेवटचा भंडारा उचलला त्याला पंचवीस वर्षं झाली होती. पुंजारामला निरोप गेला तेव्हा तो म्हणाला, बरं.

रविवारी नऊ वाजता ओट्यापुढं सतरंज्या अंथरल्या गेल्या. द्वारका गणवेशात होती, गळ्यात स्कार्फ, कमरेला पट्टा, बाहीवर नैपुण्याचे बिल्ले. कारभारी पंधरा मिनिटं बोलला. पोरीनं वस्तीचं नाव काढलं, आपल्यात कोणाला कागदावर रेघ ओढता येत नव्हती तिथं हिनं अख्खी वस्ती काढली, असं तो म्हणाला आणि भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला. चार्टपेपरचा रंग उन्हानं उतरला होता, पण निळी रेघ आणि आकडा स्वच्छ वाचता येत होता. वच्छलाबाईच्या हातून नारळ आणि कापड द्यायचं ठरलं होतं. तिला धरून पुढं आणलं. तिनं द्वारकाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "माझ्या दाराम्होरं पानी आनलं गं बाई तू. थोडं ऱ्हायलंय, त्येला तू काय करशील."

टाळ्या झाल्या. द्वारका नारळ धरून उभी राहिली.

कारभाऱ्यानं पुंजारामकडं पाहिलं. पुंजाराम मागच्या ओळीत, सतरंजीच्या कडेला बसला होता. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. तो उठला तेव्हा कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "मूठ भरून घे पुंजा, कमी भरू नको." दोघं-तिघं हसले. पुंजाराम ओट्याजवळ आला, चपला काढल्या, टोपी नीट केली आणि ताटापुढं गुडघ्यावर बसला. ताटात पिवळाजर्द भंडारा होता. त्यानं उजवा हात पुढं केला.

"काका, हात लावू नका."

आवाज मोठा नव्हता, पण पुंजारामचा हात थांबला. मल्हाररावांनी वळून पाहिलं आणि तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिनं नारळ ओट्याच्या कडेला ठेवला.

"पाईप पुरा एकशेऐंशी हाय," ती म्हणाली. "काकानं वीतभर बी कमी आणला नाय. वाट एकशे अठ्ठ्याण्णव हाय. माप माझं चुकलं."

कारभारी भिंतीवरच्या नकाशाकडे वळला. मग समजूत घालावी तसं म्हणाला, "आगं, कागदावर लिवलंय की."

"कागद बी माझाच हाय. मी सहावीतलं पाऊल धरून लिवलं. आता माझं पाऊल मोठं झालंय, ते मी मोजलंच नव्हतं."

पुंजाराम गुडघ्यावर तसाच होता, हात मांडीवर घेतलेला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, ताटाकडं पाहत राहिला.

"तुला कवा कळलं हे?" कारभाऱ्यानं विचारलं.

"डिसेंबरात."

"आन् आज सांगती व्हय?"

"पुरस्कार जाईल म्हणून नाय सांगितलं." मग ती आधी पुंजारामकडं, नंतर वडिलांकडं बघत म्हणाली, "उद्या मी शाळेत जाऊन बाईंना सांगणार हाय. पाचोडला मला विचारलं तवा मी खोटं बोलले, नकाशा चुकीचा हाय, यादीतून माझं नाव काढा."